नाथसागराचा गाळ आणि टुंड्राचं पेव

बिडकीनला चहाला थांबलो तेव्हा लक्षात आलं की कानटोपी घरीच राहिली. जानेवारीतल्या पहाटे मोटारसायकलवर पैठणच्या रस्त्याला लागायचं आणि कानटोपी विसरायची, म्हणजे हौसेची हद्दच. मराठवाड्यात थंडी नसते, असं म्हणणाऱ्या पुण्याच्या मित्रांना एकदा या रस्त्यावर मागं बसवून आणलं पाहिजे.

मामांचं गाव नाथसागराच्या फुगवट्याच्या काठावर आहे. जायकवाडी धरण १९७६ साली पुरं झालं आणि गोदावरीचं साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी इथं पसरलं. त्यात गावाची काळीभोर जमीन गेली. उरली ती काठाची. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळावर मामा गाळपेर करतात, हरभरा टाकतात. मला हरभऱ्यात काही रस नव्हता. मी आलो होतो छोटा टिलवा बघायला.

पक्षी चिमणीएवढाच, वजन तीसेक ग्रॅम. पण उन्हाळ्यात तो अंडी घालतो ती उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात, नॉर्वेच्या टोकापासून सैबेरियापर्यंत पसरलेल्या बिनझाडांच्या मुलखात. हिवाळा काढायला तो आफ्रिकेत जातो, नाहीतर आपल्याकडं येतो. इथं चक्रवाक असतात, रोहित असतात, लोक त्यांच्यासाठी गाड्या करून येतात. टिलव्याकडं कुणी बघतही नाही. गाळावर शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवत तो आपला पळत असतो.

गुडघ्याएवढ्या चिखलात मी दुर्बीण लावून उभा, आणि मामा बांधावरून मातीपरीक्षणाचा कागद हलवत होते.

"आधी हे वाच. सेंद्रिय कर्ब किती लिहिलाय?"

"शून्य पूर्णांक अडतीस टक्के."

"म्हंजी कमीच. दरसाल चार ट्रॉल्या शेणखत टाकतो मी वरच्या वावरात. जातं कुठं ते?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला, पण गेली तीसेक वर्षं आर्क्टिकमध्ये काम करणारे शास्त्रज्ञही याच प्रश्नाच्या मागं आहेत. फक्त तिथं तो उलटा पडतो. मामांच्या रानात कर्ब, म्हणजे कुजणाऱ्या पाल्याशेणातला कार्बन, टिकत का नाही, हे कोडं. टुंड्रात तो इतकी हजार वर्षं टिकला कसा आणि आता सुटतोय का, हे कोडं.

मामांना म्हटलं, शेणखत हवेत जातं. मातीतले जिवाणू ते खातात आणि आपण सोडतो तसाच कार्बन डायऑक्साइड सोडतात. माती जितकी उबदार, तितकी त्यांची भूक मोठी. दहा अंश वाढले की साधारण दुप्पट. आपल्या रानात पावसाळ्यात ओल आणि ऊब दोन्ही. चार ट्रॉल्यांचा फडशा पडायला किती वेळ लागणार? टुंड्रात जिवाणू आहेत, पालापाचोळाही आहे, पण ताट गोठलेलं. जी जमीन सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाच्या वर जात नाही, तिला कायमगोठित जमीन म्हणतात. उन्हाळ्यात तिचा वरचा थर तेवढा वितळतो, कुठं हातभर, कुठं त्याहून जास्त. त्यात गवत, शेवाळ, खुरटे बर्च उगवतात, चोवीस तासांच्या उन्हात भराभर कर्ब ओढून घेतात आणि कुजायच्या आत पुन्हा गोठतात. वर्षाला थोडंथोडं शिल्लक पडत हजारो वर्षांत उत्तरेच्या या गोठित मुलखात सुमारे दीड लाख कोटी टन कर्ब साठला. आज सगळ्या वातावरणात जितका आहे, त्याच्या जवळजवळ दुप्पट.

"पेव म्हण की," मामा म्हणाले.

या एका शब्दासाठी मी मामांचा ऋणी आहे. आजोळच्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं. जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचं अस्तर, तोंड मातीनं लिंपलेलं. कोरडं राहिलं तर वर्षानुवर्षं ज्वारी टिकायची. ओल शिरली की आतलं धान्य तापायचं, कुजायचं. उघडल्यावर कुणी लगेच आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस थांबायचा. आत साठलेला वायू कोणता, हे आजीला ठाऊक नव्हतं. माणूस मरतो, हे ठाऊक होतं. वायू तोच, जिवाणूंच्या आणि दाण्यांच्या श्वासाचा.

टुंड्रावर कंदील सोडायची सोय नाही, म्हणून तिथं मनोरे उभारलेत. अलास्कातलं टूलिक सरोवर, ग्रीनलंडमधलं झॅकेनबर्ग, स्वीडनमधलं आबिस्को. मनोऱ्यावरचं यंत्र सेकंदाला दहा-वीस वेळा दोनच गोष्टी मोजतं: वारा वर जातोय की खाली, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड किती. वर जाणाऱ्या झुळकीत तो जास्त असेल तर जमीन देतेय, खाली येणाऱ्या झुळकीत जास्त असेल तर घेतेय. अशा लाखो झुळकांची बेरीज म्हणजे वर्षाचा जमाखर्च. मला ही कल्पनाच विलक्षण वाटते. अख्ख्या रानाचा श्वास मोजायचा आणि त्यासाठी जमिनीला हातही लावायचा नाही!

हा जमाखर्च बिघडतोय अशी पहिली मोठी सूचना १९९३ साली आली, अलास्काच्या उत्तर उतारावरून. वॉल्टर ओशेल आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की इथला टुंड्रा आता कर्ब घेण्याऐवजी सोडू लागला आहे. मग वाद झाले, काही ठिकाणी उलटे आकडेही मिळाले. घोळाचं एक कारण असं की बहुतेक लोक मोजायला जात ते उन्हाळ्यात, झाडं हिरवी असताना. हिवाळ्यात सगळं गोठलंय, तर मोजायचं काय, असा समज. पण शरद ऋतूत वितळलेला थर एकदम गोठत नाही. पाण्याचं बर्फ होताना उष्णता बाहेर पडते आणि माती आठवडेच्या आठवडे शून्य अंशावर रेंगाळते. वर बर्फाची गोधडी, आत जिवाणूंची जेवणं चालूच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार गोठित जमिनीचा मुलूख ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये वर्षाला सुमारे १७० कोटी टन कर्ब सोडतो, आणि उन्हाळ्यात झाडं ओढतात तो साधारण १०० कोटी टन. दिवसाची विक्री लिहायची आणि रात्रीची उधारी विसरायची, असं बरीच वर्षं चाललं होतं म्हणा.

हे सांगताना माझा पाय आणखी खोल गेला आणि बाजूनं बुडबुडे आले. कुजका वास. मामा हसले. मी म्हटलं, हे पण त्यातलंच. पाण्याखाली जिथं हवा पोचत नाही तिथले जिवाणू कार्बन डायऑक्साइडऐवजी मिथेन करतात, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात अठ्ठावीस पटीच्या आसपास जास्त तापवतो. टुंड्रातली जमीन वितळून खचली की डबकी होतात, तिथं हेच बुडबुडे. तिथं एक लव्हाळ्याच्या जातीचं रोप उगवतं, कापूस-गवत. त्याला पांढरी बोंडं येतात, आणि त्याच्या पोकळ देठांतून खालचा मिथेन थेट वर निसटतो.

"तिकडं बी कापूसच?" मामांना त्या मिथेनपेक्षा याचंच जास्त आश्चर्य. "भाव काय?"

आता एक कुरकुर करून घेतो. 'मिथेन बॉम्ब' असले मथळे वाचले की मला वैताग येतो. पेव फुटणं हा आपला वाक्प्रचार आहे खरा, पण हे पेव एका दिवसात फुटणारं नाही. ते झिरपतंय, वर्षानुवर्षं झिरपत राहणार. आर्क्टिक १९७९पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानं तापलंय. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि समुद्र अभ्यासणाऱ्या सरकारी संस्थेच्या आर्क्टिक अहवालात लिहिलं गेलं की वणव्यांचा धूर धरला तर टुंड्रा आता कर्ब देणाराच ठरतो. हे मला बॉम्बपेक्षा जास्त अस्वस्थ करतं, कारण बॉम्बचा निदान आवाज होतो.

वणव्यांची गोष्ट दुपारी समोरच आली. वरच्या वावरात मामांनी कपाशीच्या उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग लावला होता, पेटवायला. मी त्यांना अलास्कातल्या अनाक्टुवुक नदीकाठचा २००७चा वणवा सांगितला. टुंड्रासारख्या ओलसर मुलखात हजारभर चौरस किलोमीटर जळाले आणि सुमारे २१ लाख टन कर्ब हवेत गेला. सगळा आर्क्टिक टुंड्रा विसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात वर्षाला सरासरी जेवढा साठवायचा, जवळजवळ तेवढा, एका वणव्यात.

"मग हे कामून जाळतो, असं म्हणायचंय तुला." मामांनी काडेपेटी खिशात ठेवली नाही. "बोंडअळी हाय त्यात. ठेवली तर पुढच्या साली कपाशी खाईल. कुट्टीचं यंत्र भाड्यानं आणायला पैसे देतो का तू?"

मी गप्प बसलो. टुंड्राचे आकडे तोंडपाठ असणं वेगळं आणि बोंडअळीला तोंड देणं वेगळं. मामींनी हुरडा भाजला होता, त्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

एप्रिलच्या शेवटी मामांचा फोन आला. "तुझे ते बारके पाहुणे गेले रे. गाळ मोकळा पडला."

आता ते उत्तरेकडं निघाले असणार. जूनमध्ये ते कापूस-गवतात खळगी करतील तेव्हा इथं पेरणीची धांदल असेल. मी विचारलं, "पऱ्हाट्यांचं काय केलं?"

"निम्म्या जाळल्या. निम्म्या तोडून खड्ड्यात टाकल्या, वर शेण आणि पाणी. कुजल्या तर बघू," मामा म्हणाले, आणि मग जरा थांबून, "खड्डा उघडताना कंदील लागत नाही ना रे?"