स्लो धरेना: पद्मिनीला नवा कार्बोरेटर बसवतानाचा माझा अनुभव

कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, बसवायला पाऊण तास लागतो. खालचे दोन नट, पेट्रोलचा पाइप, चोकची तार, ॲक्सिलरेटरचा रॉड, वर एअर क्लीनर, झालं. माझे तीन रविवार गेले ते त्याच्या खाली असलेल्या बेकेलाइटच्या तुकड्यापायी. हा तुकडा बदला किंवा निदान सरळ आहे का बघा, हे एक वाक्य दुकानाच्या काउंटरवर कुणी बोललं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, सिंगल बॅरल सोलेक्स. जुन्या कार्बच्या थ्रॉटलचा (हवेची वाट उघडणाऱ्या चकतीचा) स्पिंडल, म्हणजे दांडा, बोटानं हलवला तर खडखड वाजायचा. स्पिंडल झिजला की त्याच्या कडेनं हवा आत खेचली जाते आणि मग स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसतानाचं इंजिनाचं चालणं, कितीही सेट करा, सिग्नलला इंजिन कधी धडधडतं, कधी मरतं. बॉडी रीम करून नवे बुश मारता येतात, पण भोक तंतोतंत मधोमध धरणारा लेथवाला हवा. ते अर्ध्या मिलिमीटरनं जरी सरकलं तरी थ्रॉटलची चकती एका बाजूला घासते. म्हणून नवाच घेतला.

नवा कार्ब घेताना काउंटरवरच तीन गोष्टी बघाव्यात. थ्रॉटल पूर्ण मिटवून उजेडाकडे धरा. चकतीभोवती सगळीकडून सारखी, केसाएवढी फट दिसली तर चालेल, पण चंद्रकोर दिसली तर परत द्या. स्पिंडल वर-खाली हलवा, खेळ असू नये. जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्यावर) आकडा कोरलेला आहे का ते बघा. १२० म्हणजे १.२० मिलिमीटरचं भोक. आकडाच नसेल तर पुढे जेट बदलताना कशाच्या तुलनेत बदलायचा? ऑपेरा हाउसला नवा माल मिळतो, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. जुना कार्ब घेत असाल तर स्पिंडलची तपासणी दुप्पट कडक करा.

बसवणं पटकन झालं. एकच सांगतो, ॲक्सिलरेटरचा रॉड जोडल्यावर कुणाला तरी आत बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि वरून कार्बमध्ये डोकावून बघा. चकती पूर्ण उभी व्हायला हवी आणि पाय काढल्यावर खळकन स्टॉपवर परत यायला हवी. इंजिन बंद असतानाच हे करा. त्याच वेळी कार्बमधल्या ॲक्सिलरेटर पंपाच्या नळीतून पेट्रोलची एक सरळ, न तुटणारी धार उडते का तेही दिसतं. ती नसेल तर ॲक्सिलरेटर दाबताक्षणी गाडी ढेकर देणार.

चालू केली. चोक अर्धा ओढलेला असेपर्यंत इंजिन गोड चाललं. चोक आत ढकलला की बंद. परत चालू, परत बंद. पायानं थोडा ॲक्सिलरेटर धरून ठेवला तर चालत होतं आणि वरचा पिक-अप ठीक होता.

हे लक्षण नीट वाचलं तर अर्धं काम होतं. पिक-अप ठीक म्हणजे मेन जेट, फ्लोट, फ्युएल पंपाकडून येणारं पेट्रोल ठीक. बिघाड फक्त स्लोच्या वेळी. चोक मिश्रण जाड करतो, आणि चोकनं बरं वाटतं म्हणजे मिश्रण पातळ आहे, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. आणि पातळ होण्याची कारणं दोनच, पेट्रोल कमी येतंय किंवा जास्तीची हवा कुठून तरी शिरतेय.

मी, बहुतेक सगळे करतात तसं, आधी पेट्रोलच्या मागे लागलो. स्लो जेट काढला, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतंय का बघितलं, हवा मारली. त्यात तार घालू नका. अर्ध्या मिलिमीटरचं पितळी भोक तारेनं एकदा खरवडलं की त्याच्यावरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. हवेनं कचरा निघाला नाही तर कार्ब क्लीनरमध्ये भिजवा. फरक शून्य.

मग दुसरी चूक. इंजिन मरू नये म्हणून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू (चकती किती मिटावी ते ठरवणारा) आत घेत गेलो. दोन फेऱ्या, अडीच फेऱ्या. इंजिन चालू राहिलं, हजार-बाराशे आरपीएमवर, आणि मला वाटलं जमलं. पण मिक्श्चरचा स्क्रू आत करा, बाहेर करा, इंजिनाला काही देणंघेणंच नाही! इथे थांबून विचार करायला हवा होता. स्लोचं पेट्रोल चकतीच्या खालच्या बारीक भोकातून येतं आणि मिक्श्चरचा स्क्रू फक्त त्या भोकावर हुकूम चालवतो. चकतीच्या कडेपाशी आणखी एक-दोन भोकं असतात, ती थ्रॉटल उघडायला लागला की पेट्रोल द्यायला. स्टॉप स्क्रूनं चकती उघडीच ठेवली की इंजिन या वरच्या भोकांवर चालतं, आणि खालचा स्क्रू नळ बंद असलेल्या घरातल्या मीटरसारखा नुसता बसून राहतो. मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत घेऊनही इंजिन बंद पडत नसेल तर आधी स्टॉप स्क्रू बघा. खराब कार्ब म्हणून दुकानात परत नेऊ नका.

मी नेला. काउंटरवरच्या माणसानं कार्ब उलटासुलटा करून सांगितलं, “नवा माल आहे साहेब, टायमिंग बघा.” टायमिंग बघून झालं होतं. पॉइंटची गॅप ०.४५ मिलिमीटर, डेल्को (डिस्ट्रिब्युटर) घट्ट, प्लग नवे, टॅपेट सेट. कार्बला हात लावायच्या आधी हे सगळं करायचंच असतं, नाही तर कुठल्या स्क्रूनं काय बदललं हेच कळत नाही. मग मला एक पूर्ण किट विकण्यात आलं. त्यातलं खालचं पॅकिंग कागदासारखं पातळ आणि त्याचं भोक कार्बच्या भोकापेक्षा लहान. म्हणजे पॅकिंगची कड हवेच्या वाटेत आलेली. “सगळे हेच नेतात,” म्हणाला. नेत असतील. पॅकिंग लावण्याआधी कार्बच्या फ्लँजवर, म्हणजे खालच्या सपाट बैठकीवर, ठेवून बघा, कड आत डोकावत असेल तर ब्लेडनं कापा.

खरा सुगावा पीयूसीच्या मशीननं दिला. जुन्या, भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना स्लोवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. माझा सीओ आला ०.४ आणि एचसी १९०० च्या वर. पहिल्या आकड्यावर खूश व्हायचं कारण नाही. सीओ इतका कमी म्हणजे पेट्रोल कमी, आणि एचसी जास्त म्हणजे जे आहे तेही पेटत नाही, एखादा सिलिंडर मिस करतोय. हे जोडीनं दिसलं की हवा शिरतेय असं समजावं. मिश्रण जाड असतं तर सीओ चढला असता. पीयूसी आपण कागदासाठी काढतो, पण मशीनवाल्याला दोन मिनिटं थांबवून स्क्रू फिरवत आकडे बघितले तर त्याच्याइतकं स्वस्त निदान नाही. कुणाकडे व्हॅक्यूम गेज असेल तर आणखी सोपं. धडधाकट इंजिन स्लोवर पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. काटा स्थिर पण त्याच्या बराच खाली असेल तर गळती शोधा.

हवा कुठून शिरते ते शोधायला गॅरेजवाले कार्ब क्लीनरचा फवारा मारतात. गरम एक्झॉस्टजवळ तो मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. साबणाचं पाणी बाटलीतून थेंब थेंब सोडा. जिथे सोडल्यावर इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो, तिथे फट. माझ्याकडे तो बदलला कार्बच्या मागच्या बाजूला, बेकेलाइटच्या कडेला. समोरून बघत असतो तर जन्मात दिसलं नसतं.

तेव्हा कुठे ती बेकेलाइटची चकती काढली. जुना कार्ब काढताना ती जागेवरच राहिली होती आणि मीही ती तशीच ठेवली होती. आरशाच्या काचेवर ठेवून फिलर गेज (फट मोजायचं पातं) घातला. मधल्या भागात ०.२५ मिलिमीटरचं पातं सहज गेलं. नव्या कार्बचा फ्लँज मात्र सरळ. गंमत अशी की जुन्या कार्बचा फ्लँजही तेवढाच वाकलेला निघाला. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी नट आवळत आलं, स्टडजवळचे कान खाली दबले, मधला भाग उचलला गेला, आणि दोघं एकमेकांच्या वळणाची झाली. चाळीतल्या शेजाऱ्यांसारखं, दोघांचं दोघांना बरोबर जमत होतं. नवा सरळ शेजारी आला आणि मध्ये फट पडली.

नवी चकती कुठे मिळेना. दोन ठिकाणी “कशाला बदलता” असं ऐकलं, एका ठिकाणी मारुतीची काढून दाखवली. शेवटी तीच सरळ केली. काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यानं भिजवून चिकटवायचा, चकतीवर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, आणि इंग्रजी आठच्या आकारात घासायचं. दर दहा-बारा फेऱ्यांनी चकती पाव वळण फिरवायची, नाही तर एकाच बाजूला जास्त झिजते. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की ४०० नंबर. दोन्ही बाजू मिळून मला चाळीस मिनिटं लागली. घासायचं ओलंच. जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, कोरडं खरवडून त्याची धूळ छातीत घेऊ नका.

चकतीच्या वर एक आणि खाली एक, अशी दोन्ही पॅकिंग नवी. शीटवरून स्वतः कापली. सिलिकॉन लावायचा मोह होतो, लावू नका. पेट्रोलनं तो फुगतो, तुकडे सुटतात आणि आत खेचले जातात. पृष्ठभाग सरळ असेल तर कोरडं पॅकिंग पुरतं. नट आळीपाळीनं, पाव पाव फेरी. पाना टोकाला न धरता नटाजवळ मुठीत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो. कार्बचा फ्लँज मऊ धातूचा असतो, आणि गळती थांबवायला नट जास्त आवळणं हेच पुढच्या गळतीचं कारण.

चकती काढून कार्ब थेट बसवा असा सल्लाही मिळाला. ती उष्णता अडवायला असते. ती नसेल तर मे महिन्यात दादरच्या ट्रॅफिकमधून आल्यावर फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळायला लागेल. ती असतानाही गाडी गरम असताना पंधरा मिनिटं थांबवून सुरू केली तर त्रास देते. तेव्हा पेडल न पंपता एकदाच सावकाश तळापर्यंत दाबून धरा आणि स्टार्टर मारा.

त्यानंतर सेटिंग. स्टॉप स्क्रू पूर्ण मोकळा, मग नुसता टेकेपर्यंत आत, वर एक फेरी. मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं तळाला टेकवून दीड फेरी बाहेर. जोरात टेकवला तर टोकाला खाच पडते आणि स्क्रू फुकट जातो. इंजिन दहा मिनिटं गरम. मग मिक्श्चरनं सगळ्यात जास्त आवाज गाठायचा, स्टॉपनं ७५०-८०० वर आणायचं, पुन्हा मिक्श्चर, पुन्हा स्टॉप. पावणेदोन फेऱ्यांवर बसला. अर्धी फेरी आत घेतल्यावर इंजिन अडखळायला लागलं तेव्हा जीव भांड्यात पडला. स्क्रूचा हुकूम इंजिन ऐकायला लागलं होतं.

पेट्रोलबद्दल. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं येतं. त्याला जळायला शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ८ टक्के कमी हवा लागते, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण तेवढं पातळ होतं. १२० च्या जागी १२५ चा मेन जेट घातला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं, हिशोब जवळपास जुळतो. पण म्हणून डोळे मिटून बदलू नका. आधी सी लिंकसारख्या मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं चालवून प्लग काढून बघा. चहाच्या रंगाचा असेल तर जेट तसाच ठेवा, पांढरा पडला असेल तर बदला. रबरी पाइप मात्र सगळे बदला, इथेनॉल चालणारे घ्या. जुने आतून सुटतात आणि काळा चुरा थेट वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या नीडलखाली अडकतो. पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर वाटीतलं पेट्रोल संपवून ठेवा, इथेनॉल पाणी ओढतं आणि तळाशी पांढरा थर बसतो.

ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोट वाकवत बसू नका. नीडल व्हॉल्व्हच्या खाली एक वायसर असतो. तो जाड घातला की पातळी उतरते, पातळ घातला की चढते.

आणि राहिलंच. शंभरेक किलोमीटर झाल्यावर, इंजिन थंड असताना, ते दोन नट पुन्हा बघा. नवं पॅकिंग बसतं, पाव फेरी घेतं. अर्ध्या फेरीहून जास्त फिरला तर पुढे आवळू नका, कार्ब काढा आणि परत काचेवर ठेवा.