मृगाचा पाऊस आणि परसातल्या गोगलगायी

रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या घरामागे जेमतेम दोन गुंठ्यांचे परस आहे. तीन वर्षांपूर्वी मृगाचा पाऊस लागल्यावर मी तिथे पडवळ, दोडका आणि काकडीचे बी टोकले. आठवड्याभरात रोपे दोन पानांवर आली, आणि पावसाने उघडीप दिलेल्या एका रात्रीनंतर सकाळी पाहिले तर प्रत्येक आळ्यात बोटभर देठ तेवढा उरला होता. गडग्याच्या चिऱ्यांवरून आळ्यांपर्यंत वाळलेल्या, चकाकणाऱ्या चिकट रेषा गेलेल्या होत्या.

आमच्याकडे हा उपद्रव दोन प्रकारच्या गोगलगायींचा आहे. एक बिनशंखाची, काळसर, चपटी आणि पाठीवर मधोमध फिकट रेघ असलेली. ती कोवळी पालेभाजी खाते. दुसरी मोठी शंखी गोगलगाय. ही मूळची पूर्व आफ्रिकेची असून 1847 मध्ये विल्यम बेन्सन या शंखशिंपल्यांच्या अभ्यासकाने तिला मॉरिशसहून कलकत्त्याला आणून तिथल्या बागेत सोडले, आणि तिथून ती देशभर पसरली. 2022 च्या खरिपात लातूर-बीडकडच्या शेतकऱ्यांचे उगवते सोयाबीन हिनेच फस्त केले आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. त्या मानाने माझे नुकसान काहीच नाही; पण घरची भाजी जिच्या मेहनतीवर येते तिला ते सकाळचे दृश्य सहन होत नाही.

पहिल्या वर्षी मी दिसेल ती गोगलगाय उचलून टाकत राहिले आणि श्रावणात बोटाच्या पेराएवढ्या पिल्लांनी अळू-माठ भरून गेले, तेव्हा चूक लक्षात आली. गोगलगाय उभयलिंगी असते, म्हणजे प्रत्येकच अंडी घालू शकते. शंखी गोगलगाय एका वेळी 100 ते 200 अंडी मातीत घालते; ती पिवळसर पांढरी, साबुदाण्यासारखी दिसतात आणि पंधरवड्याच्या आत फुटू लागतात. म्हणून पहिल्या पावसाने बाहेर पडलेली मोठी गोगलगाय अंडी घालण्यापूर्वी सापडणे, यावर सारा हंगाम अवलंबून असतो. आता मृग लागल्यापासून तीन आठवडे मी रात्री जेवणानंतर आणि पहाटे उजाडण्यापूर्वी विजेरी घेऊन परसात जाते, एकही दिवस चुकवत नाही. आळी भरताना अंड्यांचा पुंजका दिसला, तर तोही उचलते.

शोधण्यापेक्षा त्यांना बोलावणे सोपे जाते. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाफ्यांच्या कडेला अंथरावे आणि त्याखाली पपईची पाने ठेवावीत. सकाळी गोणपाट उलटले की बऱ्याचशा गोगलगायी तिथेच चिकटलेल्या मिळतात. त्या उघड्या हाताने मात्र उचलू नयेत. त्यांच्या अंगात उंदराच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका जंताच्या अळ्या असू शकतात, आणि त्या माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. मी रबरी हातमोजे घालते, वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत बुडवते आणि मेल्यावर खोल खड्ड्यात पुरते. पावसाळ्यात कोशिंबिरीची काकडी वाहत्या पाण्याखाली चोळून धुते, आणि पालेभाजी तर शिजवल्याशिवाय खातच नाही. गडग्यापलीकडे गोगलगाय भिरकावणे हा उपाय नव्हे. ती शेजाऱ्यांच्या वाफ्यात जाते किंवा परत येते.

मिठाबद्दल थोडे आग्रहाने सांगावेसे वाटते. वाफ्यातच गोगलगायीवर मीठ टाकण्याची पद्धत सर्रास दिसते. पण ते मीठ मातीत उतरते आणि रोपांच्या मुळांना बाधते, त्यामुळे ते वापरायचे तर बादलीतच वापरावे. चुन्याचा पट्टा कोरडा असेपर्यंत उपयोगी पडतो. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे तो एक रात्रही टिकत नाही. गोगलगायी मारणाऱ्या मेटाल्डिहाइड या रसायनाच्या गोळ्या मोठ्या शेतात एकरी 2 किलो वापरण्याची शिफारस आहे, आणि उभे पीक डोळ्यांदेखत चालले असताना शेतकऱ्याने त्या वापरल्या तर त्याला दोष देता येणार नाही. तथापि त्या कुत्र्यांनाही घातक असतात. ब्रिटनने 2022 पासून उघड्यावर त्यांचा वापर बंद केला आहे. आमच्या परसात कुत्रा आणि कोंबड्या मोकळ्या फिरतात, त्यामुळे मी त्या आणलेल्या नाहीत.

या कामात मला साथ आहे ती भारद्वाजाची. आमच्या गडग्यावर त्याची जोडी असते आणि गोगलगाय हे त्याचे आवडते खाद्य आहे. काजव्यांच्या अनेक जातींच्या अळ्याही गोगलगायींवरच जगतात, म्हणून आंब्याखालचा पातेरा मी पूर्ण झाडून जाळत नाही. फक्त वाफ्यांपासून चार-पाच हात दूर ठेवते.

उरलेले काम उन्हाळ्यात होते. पाऊस सरला की शंखी गोगलगाय शंखाचे तोंड पातळ पापुद्र्याने बंद करून चिऱ्यांच्या फटीत निजून राहते. गेल्या फाल्गुनात मुलाने आणि मी दोन सकाळी घालवून गडग्यातून अशा त्रेचाळीस गोगलगायी काढल्या. यंदा पडवळ आणि काकडीचे बी थेट आळ्यात न टोकता पडवीत करवंट्यांमध्ये रुजवले आहे. रोपे चार-पाच पानांची होऊन देठ जरा निबर झाले, की आर्द्रा लागल्यावर ती बाहेर लावणार आहे.