चोक ओढला तरी मीटर म्हणतो, पेट्रोल कमी

माझी गाडी १९९६ ची मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटर. पंपावर ई-२० पेट्रोल यायला लागलं आणि काही दिवसांनी पिकअपला एक बारीकसा खड्डा जाणवू लागला. पाय दाबला की गाडी क्षणभर विचार करायची, मग उचलायची. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. त्यात २० टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास उतरतो. इंजेक्शनच्या गाड्या सायलेन्सरमधल्या सेन्सरकडे बघून पेट्रोल वाढवून घेतात. कार्ब्युरेटरच्या जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, भोक मात्र आहे तेवढंच राहतं, त्यामुळे मिक्श्चर आपोआप लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं.

अंदाजाने जेट बदलत बसण्यापेक्षा आकडा डोळ्यासमोर असावा म्हणून मी वाइडबँड मीटर, म्हणजे एक किलो पेट्रोलमागे किती किलो हवा जळते तो आकडा दाखवणारा मीटर, बसवून घेतला. डॅशबोर्डवर गोल डबी आणि सायलेन्सरच्या पाइपात बॉशच्या एलएसयू ४.९ जातीचा सेन्सर. गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने हा चैनीचाच प्रकार, घरी त्यावर जे बोलायचं ते बोलून झालेलं आहे.

सुरुवातीला मीटर शहाण्यासारखा वागला. पावसाळा लागला आणि बिघडला. स्लोवर, म्हणजे गाडी जागेवर उभी आणि पाय काढलेला असताना, आकडा १८ च्या वर. पन्हाळ्याचा चढ चढताना बऱ्यापैकी खरा वाटावा असा. मध्येच आकडा जाऊन नुसत्या रेघा. ज्याला सांगावं तो म्हणायचा, जेट मोठा टाक. आमचे मिस्त्री मात्र बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "त्या डबीला काय कळतंय? प्लग काढून बघा की!"

प्लग काढले. तिन्ही प्लग तपकिरी, कडेला थोडी काजळी. एवढं लीन चालणाऱ्या इंजिनाचे प्लग पांढरट दिसतात, आणि १८ वर कार्ब्युरेटरची गाडी स्लोला इतकी गुळगुळीत चालतही नाही. मग ठरवलं की मीटरला असेच प्रश्न विचारायचे ज्यांची उत्तरं आपल्याला आधीपासून माहीत आहेत.

पहिला प्रश्न चोकचा. या गाडीला हाताने ओढायचा चोक आहे ही इथे मोठीच सोय. गरम इंजिनावर चोक पूर्ण ओढला. इंजिन भदभद करायला लागलं, मागून काळा धूर, पेट्रोलचा वास. मीटर १७.५. याला खोटं बोलणं याखेरीज दुसरं नाव नाही.

दुसरा प्रश्न पीयूसीवाल्याकडे. पीयूसीच्या कागदाकडे आपण फक्त मुदतीची तारीख बघायला बघतो, पण त्यावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी छापलेली असते. माझ्या गाडीची स्लोवर २ टक्क्यांच्या वर आली. एवढा सीओ रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या मिक्श्चरमध्येच तयार होतो. त्याच वेळी मीटर १८ दाखवत असेल, तर दोघांपैकी एक चुकतोय हे उघड होतं. पीयूसीचं नळकांडं निदान माझ्या गाडीच्या वायरिंगवर चालत नाही, म्हणून मी त्याच्या बाजूने गेलो.

आता संशयित तीन उरले: सायलेन्सरमध्ये बाहेरून शिरणारी हवा, वायरिंग आणि खुद्द सेन्सर.

वाइडबँड सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, त्याला फक्त धुरात उरलेला ऑक्सिजन कळतो. जोडातून बाहेरची हवा आत आली तरी तो लीनच म्हणणार. आणि ती हवा स्लोवर जास्त येते. पाइपात धूर सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. तेवढ्यात गळका जोड हवा आत ओढून घेतो. चढावर धुराचा रेटा वाढला की हाच जोड हवा घेण्याऐवजी धूर बाहेर फेकतो. पन्हाळ्याच्या चढावर आकडा का सुधारतो याचं हे एक कारण असू शकत होतं. गार इंजिन सुरू केलं, ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड अर्धवट दाबलं आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. पुढच्या फ्लँजला बुडबुडे आले, शेजारी काजळीची बारीक रेघही होती. गॅस्केट बदलली. स्लोचा आकडा १८ वरून १६ च्या थोडा वर आला. म्हणजे हवा शिरत होती हे खरं, पण गोष्ट तिथे संपत नव्हती.

रेघा का येतात ते वायरिंगने सांगितलं. या सेन्सरच्या आत हीटर असतो, तो सिरॅमिकचा गाभा ७८० अंशांच्या आसपास तापवून ठेवतो. वीज कमी पडली की गाभा तापत नाही आणि मीटर हात वर करतो. सगळे सांगतात, "व्होल्टेज बघ", पण हीटर चालू नसताना बघून काही उपयोग नाही. मी इग्निशन चालू केलं, हेडलाइट आणि वायपर लावले आणि सेन्सर तापत असतानाच मोजलं. बॅटरीवर १२.४ आणि मीटरच्या टोकाला ११ च्याही खाली. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी मीटरच्या काळ्या वायरीला लावली. इथे शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं, आले ०.६ व्होल्ट. अर्थिंग डॅशबोर्डच्या रंगवलेल्या पट्टीवर स्क्रूने आवळलेलं होतं आणि लाल वायर जुन्या कॅसेट प्लेअरच्या केसासारख्या वायरीतून घेतलेली होती. आता अर्थिंग थेट इंजिन ब्लॉकवर आहे, आणि पॉझिटिव्ह बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज आणि रिलेमधून, इग्निशनवर. रेघा त्या दिवसापासून बंद झाल्या. आकडा मात्र अजून खोटाच.

राहिला सेन्सर. गार असताना हीटरच्या दोन पिनांमध्ये साधारण ३ ओहम यायला हवेत, तेवढे आले. म्हणजे हीटर शाबूत. मग सेन्सर पाइपातून काढून, वायर जोडलेलीच ठेवून, पकडीत धरून अंगणात तापवला. उघड्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, तेव्हा मीटरने वरचं टोक दाखवायला हवं. त्याने दाखवलं. इथे बरेच जण सेन्सर ठीक आहे म्हणून उठतात. पण लीन बाजू बरोबर म्हणजे रिच बाजूही बरोबर असं नसतं. सिगारेटच्या लायटरचा नुसता गॅस, न पेटवता, सेन्सरच्या जाळीवर सोडला. (हे मोकळ्या जागेत, पेट्रोलपासून लांब. सेन्सरला हात लावाल तर कातडी तिथेच राहील.) आकडा झपकन १० वर आदळायला हवा होता. तो रेंगाळत १६ पर्यंत आला आणि तिथेच बसला. मित्राच्या गाडीतला त्याच जातीचा सेन्सर माझ्या मीटरला लावून हेच केलं, तर गॅस लागल्याक्षणी आकडा तळाला. मीटर निर्दोष, सेन्सर गेलेला.

का गेला, ते गाडी रॅम्पवर घेतल्यावर कळलं. सेन्सरची बुशिंग, म्हणजे तो फिरवून बसवायची आट्यांची कडी, पाइपाच्या पोटाला वेल्ड केलेली होती, कारण खालून वेल्डिंगचा हात सहज पोचतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, गार पाइपात तिचं पाणी होतं आणि ते खालीच साठतं. पावसाळ्यात माझ्या फेऱ्या दोन-चार किलोमीटरच्या, पाइप पुरता तापायच्या आत गाडी पुन्हा बंद. पुढच्या वेळी इंजिन सुरू केलं की ७८० अंशांच्या गाभ्यावर पाण्याचे थेंब. सिरॅमिक तडकायला एवढं पुरतं. म्हणूनच सेन्सर घड्याळातल्या १० ते २ च्या दरम्यान, आडव्यापेक्षा निदान १० अंश वर तोंड करून बसवायला सांगतात.

शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याने स्टेनलेसच्या तुकड्यातून नवी बुशिंग काढून दिली. आटे १८ बाय दीड मिलिमीटरचे. मित्राचा सेन्सर आत फिरवून बघितल्याशिवाय त्याने तुकडा सोडला नाही, आणि शेवटची धार हाताने कानशीने मारली. कोल्हापुरात गाडी ठेवण्याचा हा फायदा आहे. ती बुशिंग पाइपाच्या वरच्या अंगाला बसली, जुन्या भोकात बोल्ट. नवा सेन्सर घेताना अंगावर लेसरने कोरलेला नंबर पाहून घेतला, कारण डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे. वायर लांब पडत होती तरी कापली नाही. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा रेझिस्टर त्याच्या वायरीच्या कनेक्टरमध्ये बसवलेला असतो, कनेक्टर बदलला की मापच बदलतं.

आता स्लोवर १३.८ येतात. चोक ओढला की सरळ १० च्या घरात. हा मीटर आतून लॅम्बडा, म्हणजे लागते त्याच्या किती पट हवा मिळाली ते, मोजतो आणि त्याला १४.७ ने गुणून दाखवतो, त्यामुळे टाकीत ई-२० असलं तरी नेमक्या मिक्श्चरला तो १४.७ च म्हणणार. साडेतेरा दिसेपर्यंत जेट वाढवत बसू नये.

आणि पिकअपचा तो खड्डा? खरं बोलणाऱ्या मीटरवर तो लगेच सापडला. पाय दाबला की आकडा क्षणभर १७ वर उडी मारून खाली यायचा, बाकी सगळीकडे ठीक. त्यामुळे जेटला हातच लावला नाही. कार्ब्युरेटर उघडला, तर ॲक्सिलरेटर पंपाचा, म्हणजे पाय दाबताच जादा पेट्रोल सोडणाऱ्या पंपाचा, डायफ्राम पापडासारखा कडक झालेला. मिस्त्रींनी दुरुस्तीच्या किटातला नवा टाकला. उडी आता पंधराच्या आतच राहते.