विगन, स्टोक आणि रात्रभर नॉर्दर्न सोल: जाणार असाल तर आधी हे वाचा

'टेंटेड लव्ह' हे गाणं म्हटलं की सगळ्यांना १९८१ चं सॉफ्ट सेल या बँडचं आठवतं. मूळ गाणं ग्लोरिया जोन्सचं, १९६५ साली आलेलं, तेही रेकॉर्डच्या बी साइडला (मागच्या, दुय्यम बाजूला), आणि अमेरिकेत तेव्हा कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं त्याच्याकडे. पुढे १९७३ मध्ये एका इंग्लिश डीजेला ती रेकॉर्ड अमेरिकेत सापडली, तो घेऊन आला, आणि उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्यांत, खाणींत, पॉटरीच्या (चिनी मातीच्या भांड्यांच्या) कारखान्यांत आठवडाभर राबणारी पोरं शनिवारी रात्रभर त्यावर नाचली, म्हणून ते गाणं जगलं. अशी शेकडो गाणी आहेत. या सगळ्या प्रकाराला नॉर्दर्न सोल म्हणतात (सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत), आणि ती पोरं आता आजी-आजोबा झाली तरी नाचायची थांबलेली नाहीत.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि नवरा, बर्मिंगहॅमला राहतो, सगळं तसं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मँचेस्टर, विगन, स्टोक आणि परतीला नॉटिंगहॅम असा एक वीकेंड आखला. आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांनी 'कसं जायचं, काय घालायचं, तिथे आपण विचित्र दिसणार नाही ना' असं विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थोडं मागचं, नाहीतर तिथे जाऊन नुसती म्हातारी माणसं पावडर टाकून गिरक्या घेतायत एवढंच दिसेल. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीची गाणी गाजली आणि मग प्रत्येक शहरात छोट्या छोट्या कंपन्यांनी तसाच ठेका धरून गाणी काढली. त्यातली बहुतेक आपटली. कंपन्या बुडाल्या, रेकॉर्ड गोदामांत पडल्या, गाणारे परत कारखान्यात नाहीतर चर्चमध्ये गेले. अमेरिका पुढे फंक या वेगळ्या ठेक्याच्या संगीताकडे वळली पण उत्तर इंग्लंडच्या पोरांना तोच जुना पळता ठेका हवा होता, तर त्यांनी नवीन गाण्यांऐवजी जुनी पडलेली गाणी शोधायला सुरुवात केली. लंडनमध्ये डेव्ह गॉडिनचं सोल सिटी नावाचं दुकान होतं, फुटबॉलची मॅच बघायला उत्तरेकडून आलेले लोक तिथे येऊन असलंच काहीतरी मागायचे, त्यावरून त्याने हे नॉर्दर्न सोल नाव पाडलं आणि १९७० मध्ये ते छापूनही आलं.

मँचेस्टरबद्दल फार लिहीत नाही. ट्विस्टेड व्हील हा सुरुवातीचा मोठा क्लब इथला, १९७१ ला बंद झाला, व्हिटवर्थ स्ट्रीटची ती इमारत पाडून आता हॉटेल झालंय. पिकॅडिली स्टेशनच्या अगदी जवळ आहे, गाडी बदलताना वेळ असेल तर बघा, मुद्दाम जाऊ नका.

विगनला मात्र जा. मँचेस्टरहून ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचता, विगनची दोन स्टेशनं आहेत पण समोरासमोरच म्हणावीत इतकी जवळ, कुठल्याही उतरलात तरी चालतं. विगन कसिनो (नाव कसिनो, जुगाराशी काही संबंध नाही, जुना बॉलरूम होता) इथे २३ सप्टेंबर १९७३ ला पहाटे २ वाजता पहिली ऑलनाइटर (रात्रभर चालणारी नाचाची पार्टी) सुरू झाली आणि डिसेंबर १९८१ पर्यंत चालली. दारूचं लायसन्स नव्हतं, तरी अख्ख्या देशातून पोरं यायची. गोळ्या घेऊन जागणारेही होते, ते लपवण्यात अर्थ नाही. आता त्या जागेवर ग्रँड आर्केड नावाचं शॉपिंग सेंटर आहे, म्हणजे बघायला तसं काही उरलेलं नाही, कपड्यांची दुकानं आणि फोनची दुकानं. पण मला तिथे उभं राहायचं होतं, कारण त्या शेवटच्या तीन गाण्यांची गोष्ट.

कसिनोत सकाळी ८ ला बंद करायच्या आधी कायम तीच तीन गाणी लावायचे. जिमी रॅडक्लिफ, टोबी लेजंड आणि डीन पॅरिश. तिघांचीही गाणी साठच्या दशकातली, अमेरिकेत न चाललेली. यातला जिमी रॅडक्लिफ जुलै १९७३ मध्ये वारला, वयाच्या ३६ व्या वर्षी. कसिनो सुरू झालं सप्टेंबरमध्ये! म्हणजे आठ वर्षं दर आठवड्याला हजारभर पोरं ज्याचं गाणं ऐकल्याशिवाय घरी जात नव्हती त्याला यातलं काहीच कळलं नाही. डीन पॅरिशचं नशीब जरा बरं, पण तेही किती उशिरा, त्याचं गाणं १९६७ चं, १९७५ मध्ये इंग्लंडच्या चार्टात आलं, आणि इथल्या लोकांसमोर तो स्टेजवर उभा राहिला तेव्हा साठीला आलेला होता. मग पुढे २०२१ मध्ये जाईपर्यंत इथे त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. हे मी नवऱ्याला त्या मॉलमध्ये उभी राहून सांगत होते आणि तो म्हणाला, बरं, आता कॉफी घेऊया का.

संध्याकाळी स्टोक. विगनहून मँचेस्टर किंवा क्रू इथे बदलून जावं लागतं, मँचेस्टरहून सरळ ट्रेन पाऊण तासाची. स्टोक-ऑन-ट्रेंट हे एक शहर नाहीये, सहा गावं मिळून झालंय, त्यामुळे हॉटेल बुक करताना नकाशा नीट बघा. हॅन्लीला स्वस्त रूम दिसेल पण पहाटे तिथपर्यंत टॅक्सी शोधत बसावं लागेल. स्टेशनच्या आसपास घ्या, किंग्ज हॉल तिथून चालत दहा-पंधरा मिनिटं. हौस असेल तर टन्स्टॉलला गोल्डन टॉर्च या जुन्या क्लबची जागा बघून येता येते. १९७२ मध्ये शिकागोचा मेजर लान्स नावाचा गायक तिथे गायला आणि त्याची लाइव्ह एलपी निघाली. पण बघायला तिथेही काही उरलेलं नाही.

किंग्ज हॉल म्हणजे स्टोकच्या टाऊन हॉलचाच भाग. प्रचंड लाकडी फ्लोर. वर्षातून काही ठराविक शनिवारी तिथे ऑलनाइटर असते, तारखा आधी बघून मगच बाकीचं बुकिंग करा, आणि तिकीट ऑनलाइन घ्या.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे कोणी कोणाबरोबर नाचत नाही. सगळे एकटे. प्रत्येकाची आपली जागा, पाय सरकतायत, मध्येच गिरकी, मध्येच मागे पडून हातावर उठणं (सत्तरीचा माणूस हे करताना बघून माझ्या पोटात गोळा आला, तो उठून घाम पुसून परत सुरू), आणि गाण्यात एका ठराविक ठिकाणी अख्खा हॉल एकदम टाळी वाजवतो. सम सगळ्यांना माहीत. रात्रभर जागून गाणं ऐकायचं आपल्याला काही नवीन नाही, जुन्या सवाईत लोक सतरंजीवर पहाटेची भैरवी ऐकायला बसायचे ते आमच्या बाबांच्या तोंडून ऐकलंय, पण इथे श्रोतेच घामाघूम.

बाजूला बसलेल्या एका काकांशी बोलणं झालं. पूर्वी पॉटरीत भट्टीवर काम करायचे. स्टोकमध्ये सगळे सगळ्यांना 'डक' म्हणतात, तर ते म्हणाले, डक, मी सोळा वर्षांचा असताना मला अमेरिका कुठे आहे हे नकाशावर दाखवता आलं नसतं पण डेट्रॉइटमधल्या सगळ्या रेकॉर्ड कंपन्यांची नावं पाठ होती. प्रत्येक गाणं लागलं की ते गाणारा कुठला, पुढे काय झालं, जिवंत आहे का, सगळं सांगत होते. आता या वयात नवीन मित्र होतात ते फक्त इथेच, असंही म्हणाले.

आता पैशाचं बोलते, कारण मला यात सगळ्यात जास्त खटकलं आणि सगळ्यात जास्त आवडलं तेही हेच. हॉलमध्ये रेकॉर्ड विकणारे पेट्या मांडून बसतात, तिथे ५ पौंडांपासून पुढे आकाशाला भिडेल इथपर्यंत सिंगल्स (एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड) मिळतात. या मंडळींत 'ओरिजिनल व्हायनल'चा फार मोठा धर्म आहे, डीजेने मूळ छपाईचीच रेकॉर्ड लावायची, नंतरची छपाई लावली तर लोक नाकं मुरडतात. पूर्वी तर डीजे एकमेकांना कळू नये म्हणून रेकॉर्डचं लेबल झाकून गाणाऱ्याला खोटंच नाव द्यायचे. फ्रँक विल्सनचं एक गाणं आहे, मोटाऊननेच १९६५ मध्ये छापलं आणि बाजारात आणलंच नाही, जवळजवळ सगळ्या कॉपी नष्ट केल्या, उरल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ते इथे आधी एडी फॉस्टर या खोट्या नावाने वाजलं. म्हणजे आधीच कुणाला माहीत नसलेला गायक, त्याचं नावही झाकलं! त्याची एक कॉपी २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली आणि २०२० मध्ये एक १ लाख पौंडांना. यातला एक पेनीही गाणाऱ्याकडे जात नाही, जुनी रेकॉर्ड विकली की पैसे विकणाऱ्याचे. विल्सन निदान मोटाऊनचा मोठा प्रोड्यूसर होता, पुढे चर्चकडे वळला, त्याचं अडलं नाही. बाकीच्यांचं काय?

तर माझं मत, जुन्या मंडळींना आवडणार नाही पण सांगते, कलाकाराला खरंच काही द्यायचं असेल तर ओरिजिनलच्या मागे धावू नका, हक्क घेऊन नीट काढलेल्या नव्या छपाईच्या रेकॉर्ड आणि सीडी घ्या. लंडनच्या एस रेकॉर्ड्सचं केंट नावाचं लेबल १९८२ पासून हेच करतंय. ते नुसती जुनी गाणी परत छापत नाहीत, कंपन्यांच्या कपाटात पडलेल्या, कधीच न निघालेल्या टेप शोधून काढतात, सोबत कलाकाराची सगळी माहिती छापतात. आणि दुसरं म्हणजे मूळ गायक इथे गायला येतात त्या कार्यक्रमांची तिकिटं काढा. पंचाहत्तरीची बाई, गावाकडे कुणाला माहीत नाही की ही कधी गायची, इथे स्टेजवर येते आणि समोरचे लोक तिच्यापेक्षा आधी शब्द म्हणतात. असे व्हिडिओ शोधून बघा, मी बघून रडलेय. पेट्यांमधून स्वस्तातल्या जुन्या सिंगल्स जरूर घ्या, मीही घेतल्या, विकणारे छोट्या प्लेयरवर लावून ऐकवतात, लाजू नका, फक्त कडेला धरून हाताळा आणि कॅश जवळ ठेवा.

कपडे: सैल काहीही, पण बूट चामड्याच्या तळाचे हवेत, रबरी तळ लाकडावर अडकतो आणि गिरकी घेताना गुडघा जातो. नवऱ्याने स्नीकर्स घातले होते, तो रात्रभर बाजूला डुलत होता (तसा तो एरवीही डुललाच असता). पाय सरकावेत म्हणून फ्लोरवर टॅल्कम पावडर पूर्वी सर्रास टाकायचे, आता काही ठिकाणी बंदी आहे, तर विचारल्याशिवाय टाकू नका. नॅपकिन आणि बदलायला एक टीशर्ट लागतोच. ग्लास हातात घेऊन फ्लोरवरून चालायचं नाही, हा एकच नियम असा आहे की मोडला तर कोणीतरी येऊन बोलतं. फोन वर करून नाचणाऱ्यांच्या तोंडावर शूटिंग नको. बाकी तुम्हाला नाचता येत नाही याच्याशी कोणाला देणंघेणं नाही, कडेला उभं राहून पाय हलवा, दोन तासांत येतं. आणि हो, आपण विचित्र दिसतो का, तर ब्राऊन चेहरे फार नव्हते हे खरं, पण सगळे आपणहून येऊन बोलले.

खाण्याचं: व्हेज असाल तर इकडच्या चिपीत (फिश अँड चिप्सच्या दुकानात) चिप्स घेण्याआधी विचारा, उत्तरेत बऱ्याच ठिकाणी त्या गाईच्या चरबीत तळतात. हे आपल्या कित्येक लोकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं. स्टोकमध्ये सकाळी ओटकेक खा, ओटच्या पिठाचे, तव्यावरचे, मऊ, आत चीज आणि मशरूम घालून मिळतात, छोट्या दुकानांत दोन-तीन पौंडांत पोट भरतं. रविवारी दुकानं लवकर बंद होतात. ऑलनाइटरहून सरळ तिथेच गेलात तर उत्तम कारण रविवारी पहाटेच्या ट्रेन जवळपास नसतातच, म्हणून शनिवारची रूम घेऊन ठेवाच आणि लेट चेकआउट मागून घ्या.

दुपारी उठून डर्बीमार्गे नॉटिंगहॅमला गेलो, एडविन स्टार या गायकाच्या कबरीसाठी. तो डेट्रॉइटच्या रिक-टिक या छोट्या लेबलवर १९६५ मध्ये आला, पुढे मोटाऊनमध्ये जाऊन १९७० मध्ये 'वॉर' या गाण्याने जगभर गाजला, पण शेवटी घर केलं ते इंग्लंडमध्ये. इथे त्याला लोक त्या जुन्या रिक-टिकच्या गाण्यांसाठी ओळखायचे. २००३ मध्ये तो नॉटिंगहॅमजवळ वारला, विल्फर्ड हिलच्या स्मशानभूमीत आहे. गावाबाहेर आहे, टॅक्सी करा, रविवारी बसची वाट बघत बसलात तर संध्याकाळ होईल.

एवढं रात्रभराचं झेपणार नसेल तर लंडनचा १०० क्लब हा सोपा पर्याय. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १०० नंबरलाच तळघरात आहे, १९८० च्या सुमारापासून तिथे सोलच्या ऑलनाइटर होतायत, हॉल छोटा, लोक कमी, गाणी मात्र जास्त अनवट. शनिवारी सेंट्रल लाइन रात्रभर चालते त्यामुळे कंटाळा आला की २ वाजता उठून घरी जाता येतं, स्टोकला ती सोय नाही. वर्धापनदिनाच्या रात्रीसाठी ते एक खास सिंगल काढतात, बऱ्याचदा पूर्वी कधीच न निघालेलं गाणं असतं, तर जमलं तर त्याच रात्रीचं तिकीट बघा.