एअर रायफलचा वेग का डळमळतो?

क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्‍याचा वेग मोजणार्‍या यंत्रावर, सेकंदाला १७२ मीटर दिसलं की खूश, १६८ दिसलं की ‘रायफल बसली’, असा हिशोब रेंजवर नेहमी ऐकू येतो. १० मीटरच्या मॅच रायफलमध्ये हे दोन्ही आकडे चालतात. सगळे ६० शॉट एकाच आकड्याच्या आसपास राहतात की नाही, हे जास्त महत्त्वाचं. ते राहत नसतील तर दोष बहुतेक वेळा नळीत नसतो, भरलेल्या हवेत आणि तिच्या वाटेत असतो.

आधी वेगातला फरक टार्गेटवर किती दिसतो ते पाहू. ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७० मीटर प्रतिसेकंदाने निघाला तर १० मीटरला साधारण ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे १८ मिमी खाली येतो. साइटमध्ये आपण ही घसरण आधीच धरलेली असते. वेग १ टक्का कमी झाला तर घसरण २ टक्के वाढते, म्हणजे साधारण ०.३६ मिमी. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर गुणाच्या दशांशाची एक पायरी ०.२५ मिमीची असते. म्हणजे वेगातल्या जेमतेम १.७ मीटर प्रतिसेकंदाच्या फरकाने शॉट उभ्या रेषेत जवळजवळ दीड दशांश सरकतो. ५ मीटरचा फरक पडला की चार दशांश. नेमबाज स्वतःच्या श्वासाला आणि ट्रिगरला दोष देत बसतो आणि ग्रुप मात्र उभा लांबट होत जातो. आडवा फैलाव नेहमीचाच आणि उभा वाढलेला, असं दिसलं की आधी क्रोनो लावा.

हवेची वाट सोपी आहे. सिलेंडरमध्ये २०० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण २०० पट दाब. पुढे रेग्युलेटर, तो दाब बराच खाली आणून एका छोट्या कप्प्यात ठरावीक पातळीवर धरतो. ट्रिगर ओढला की हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि कप्प्यातली हवा छर्‍यामागे जाते. रेग्युलेटरच्या आत एक पिस्टन आणि बशीच्या आकाराच्या वॉशरची चळत असते. कप्प्यातला दाब ठरलेल्या पातळीला पोहोचला की तो पिस्टनला मागे रेटतो, वॉशर दबतात आणि पिस्टनचं टोक सीटवर, म्हणजे हवेच्या भोकाच्या बैठकीवर, बसून हवा बंद करतं. पिस्टनच्या दोन ओ-रिंगांमधली (हवा अडवणार्‍या रबरी कड्यांमधली) जागा एका बारीक भोकातून बाहेरच्या हवेला उघडी असते. या भोकातून सूं आवाज आला तर पिस्टनची ओ-रिंग गेली समजा. ते भोक कुणी ‘गळतं’ म्हणून बुजवलं, तर अडकलेली हवा वॉशरच्या बाजूने जोर लावते आणि पुढचा दाब वाढत जातो. असा उपाय केलेल्या रायफली असतात, म्हणून सांगितलं.

सगळ्यात फसवा दोष म्हणजे दाब हळूहळू चढणं. सीटवर कण बसला किंवा ओरखडा उमटला की ती पूर्ण बंद होत नाही. रायफल नुसती टेबलावर असतानाही कप्प्यात हवा झिरपत राहते. एका लयीत मारत असाल तर काहीच कळत नाही. पण मॅचच्या मध्यात चार मिनिटं विश्रांती घेतलीत की त्यानंतरचा पहिला शॉट वर जातो. (दाब फारच चढला तर उलटही होतं: हॅमरला व्हॉल्व्ह नीट उघडता येत नाही आणि शॉट हळू निघतो.) सुरुवातीच्या साइटिंगच्या (गुण न धरल्या जाणार्‍या सरावाच्या शॉटच्या) १५ मिनिटांत हा दोष धुऊन निघाल्यासारखा वाटतो, म्हणून तो महिनोन्महिने लपून राहतो.

तपासायची रीत अशी. साधारण ४५ सेकंदांच्या अंतराने १० शॉट मारा आणि वेग लिहून ठेवा. रायफल २० मिनिटं तशीच ठेवा, मध्ये ड्राय फायर (छर्‍याशिवाय ट्रिगर ओढणं) करू नका. मग एक शॉट मारा आणि लगेच आणखी दोन. पहिल्याचाच वेग ३-४ मीटर प्रतिसेकंदाने वर आणि पुढचे दोन जागेवर आले, तर सीट झिरपते आहे. पहिला खाली आणि पुढचे हळूहळू सुधारत गेले, तर रायफल बरेच दिवस बंद राहून ओ-रिंग चिकटली आहे किंवा हॅमरचं ग्रीस घट्ट झालं आहे. आकडे ओळीने उतरतच गेले, तर सिलेंडरचा दाब रेग्युलेटरच्या पातळीखाली गेला, हवा भरा. आणि भरभर मारल्यावरच वेग पडत असेल, सावकाश मारल्यावर नाही, तर रेग्युलेटरच्या तोंडाची जाळी चोंदली आहे, कप्पा वेळेत भरत नाही. या चारही तक्रारींवर हॅमर स्प्रिंगचा स्क्रू पिळणं हा उपाय नाही. त्याने सरासरी बदलते, फैलाव कमी होत नाही.

आता सीटवर कण येतो कुठून? आपणच भरतो. ३० अंशांच्या पावसाळी हवेत, आर्द्रता ८५ टक्के असेल तर, दर घनमीटरमागे साधारण २६ ग्रॅम पाणी असतं. रायफलचा सिलेंडर ज्यातून भरतात त्या १२ लिटरच्या स्कूबा (पाणबुड्यांच्या) टाकीत २०० बारने जवळजवळ २.४ घनमीटर हवा मावते. म्हणजे कॉम्प्रेसरने न गाळता भरलं तर हिशोबाने ६० ग्रॅमच्या वर पाणी आत ढकललं जातं, अर्धी वाटी धरा. कॉम्प्रेसरचा वॉटर सेपरेटर त्यातलं बरंचसं काढतो, उरलेलं ड्रायरच्या दाण्यांनी शोषायचं असतं. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं. जुलैत मुंबई-कोकणाकडे ते मे महिन्यापेक्षा फार लवकर बदलावे लागतात. सिलेंडरमध्ये राहिलेलं पाणी स्टीलला गंजवतं, अॅल्युमिनियमवर पांढरी पूड धरतं, आणि तीच पूड सीटवर जाऊन बसते. हातपंप वापरत असाल तर ४०-५० स्ट्रोकनंतर थांबा, ब्लीड स्क्रू उघडून पाणी बाहेर जाऊ द्या, पंप निवू द्या. एका दमात भरणार्‍याचा पंपही जातो आणि रेग्युलेटरही.

गरम सिलेंडरचा गेज खोटं बोलतो. घाईने भरून सिलेंडर ४५ अंशांपर्यंत तापला आणि काटा २०० वर थांबवला, तर २५ अंशांच्या एसी हॉलमध्ये तोच काटा १८७ दाखवतो. गळती नाही, नुसती हवा निवली. उलट, २५ अंशांना २०० बार भरलेला सिलेंडर विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत ६० अंशांवर पोहोचला, तर आत २२३ बार होतात. सिलेंडर गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. टाकीतून भरताना व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. १२ लिटरच्या २०० बारच्या टाकीतून दीडशे मिलिलिटरचा सिलेंडर दर वेळी ७० वरून भरला, तर दहा भरण्यांनंतर टाकी १८५ च्या आसपास येते. तेव्हा ‘आता पूर्ण भरत नाही’ ही तक्रार सिलेंडरची नसते.

ऑक्सिजन कधीही भरू नका, वेल्डिंगवाल्याकडचा स्वस्तात मिळाला तरीही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीसचा अंश पेट घेतो, स्फोट होतो.

गळतीसाठी साबणाचं पाणी पुरे. सुरुवात भरायच्या अ‍ॅडॉप्टरच्या ओ-रिंगपासून करा, निम्मा त्रास तिथेच सापडतो. जुनी रिंग सुईने काढू नका, खाचेत चरा पडला की नवी रिंगही गळेल. लाकडी टूथपिक घ्या. नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात, बस. मशीन ऑइल किंवा स्प्रेचं तेल हवेच्या वाटेत नको. रेग्युलेटर उघडायचाच असेल तर आधी सगळी हवा सोडा आणि वॉशरचा क्रम फोटोत धरा. एक वॉशर उलटा बसला की दाबाची पातळीच बदलते. हाताला सवय नसेल तर आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणार्‍याकडे) द्या.

वेग वाढवून फायदा होत नाही. मॅच रायफल साधारण ७.५ ज्यूलची असते आणि कागदाला भोक पाडायला तेवढं भरपूर आहे. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याची रेषा २० ज्यूल आणि ४.५ मिमीवर आहे, पण स्प्रिंग पिळत तिकडे जायचं कारणच काय? हवा जास्त खर्च होते, धक्का वाढतो, फैलावही वाढतो.

सिलेंडरवर कोरलेली मुदत वाचा. जर्मन मॅच रायफलींच्या बहुतेक सिलेंडरना १० वर्षं असतात. मुदत सांभाळणं आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांप्रमाणे नेमबाजाचीच जबाबदारी. भरायच्या टाकीची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणार्‍या तपासणीची) तारीख वेगळी पाहायची. या टाक्यांचा कारभार नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेच्या) नियमांखाली येतो. विमानाने जाणार असाल तर सिलेंडर रिकामा करूनच पॅक करा.

आणि रायफलच्या पेटीत एक कार्ड ठेवा: तारीख, हॉलचं तापमान, गेजचा आकडा, १० शॉटचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेग, आणि २० मिनिटांनंतरचा पहिला शॉट. महिन्यातून एकदा भरा. शेवटचा रकाना वर सरकू लागला की सीट साफ करायची वेळ झाली.