नामानाचा सदरा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत मैदान, वसतिगृह आणि स्नेहसंमेलन यांच्या आठवणी पुष्कळ येतील. मला नीतिपाठाच्या तासाबद्दल लिहायचं आहे, आणि त्यातही गर्व आणि नम्रता या एकाच पाठाबद्दल. पहिली-दुसरीच्या मुलांना हा पाठ आपल्या बाई ज्या रीतीनं देत, ती रीत आज नवापूर तालुक्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून (चर्चमधून) मुलांची रविवारची शाळा घेणाऱ्या आम्हा माजी विद्यार्थ्यांच्या रोजच्या उपयोगाची आहे. ती कुठं लिहून ठेवलेली नाही, म्हणून इथे तपशिलानं मांडते.

बाईंचा पहिला नियम असा की या वयाच्या मुलांसमोर ‘गर्व’ हा शब्द पाठाच्या सुरुवातीला उच्चारायचाच नाही. सहा वर्षांचं पोर ‘मन्हा बाप मोठा शे’ म्हणतं, पोळ्याला आपल्याच बैलाची झूल सगळ्यांत भारी असं सांगतं, त्यात त्याचा आनंद असतो आणि आधारही. त्यावर आपण ‘हा गर्व, हे पाप’ असा शिक्का मारला तर मूल बोलायचं थांबतं, त्यापलीकडे काही शिकत नाही. आधी गोष्ट, मग खेळ, मग प्रश्न. शब्द आला तर सगळ्यांत शेवटी, आणि तोही मुलांच्या तोंडून.

गोष्ट त्यांनी कायम एकच निवडली. बायबलातल्या ‘2 राजे’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातला नामान. अरामाच्या, म्हणजे जुन्या सीरियाच्या, राजाचा सेनापती, शूर, मान असलेला, पण कातडीच्या आजारानं ग्रासलेला. त्याच्या घरात इस्राएलातून पकडून आणलेली एक लहान मुलगी त्याच्या बायकोची चाकरी करत असते. ती म्हणते, धनी इस्राएलातल्या शोमरोन शहरातल्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील. नामान घोडे आणि रथ घेऊन त्या संदेष्ट्याच्या, अलीशाच्या, दाराशी येतो. अलीशा बाहेर येत नाही, नुसता निरोप पाठवतो की यार्देन (जॉर्डन) नदीत सात वेळा बुडी मार. नामान संतापतो. आमच्या दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अबाना आणि पर्पर या नद्या इस्राएलातल्या सगळ्या पाण्यापेक्षा चांगल्या नाहीत का, असं म्हणून तो पाठ फिरवतो. चाकर समजावतात. तो उतरतो, सात बुड्या मारतो, आणि त्याची कातडी लहान मुलासारखी होते.

नामान सोबत काय घेऊन निघाला ते बाई कधीच गाळत नसत. दहा किक्कार चांदी, सहा हजार शेकेल सोनं आणि दहा पोशाख. किक्कार हे जुनं वजनाचं माप म्हटलं की मुलांना काही कळत नाही. म्हणून हिशोब क्विंटलात करायचा. चांदी साधारण साडेतीन क्विंटल, म्हणजे पन्नास किलोच्या जवळजवळ सात गोण्या. सोनं पासष्ट-सत्तर किलो. कापूस मोजून देणाऱ्या घरातल्या पोरांना हे वजन डोळ्यांसमोर दिसतं, आणि एवढं घेऊन आलेल्या माणसाला दारातूनच निरोप मिळतो यातला धक्का त्यांना आपोआप बसतो.

आता खेळ. पस्तीस मिनिटांच्या तासातली बारा मिनिटं खेळासाठी राखावीत, कमी नाही. साहित्य फार थोडं लागतं. नदीसाठी एक जुनी निळी साडी, ती दोन टोकांना दोन मुलं कमरेइतक्या उंचीवर धरतात. साडी सुती असावी, नायलॉनची हातातून सटकते आणि पारदर्शकही असते. दुसरी वस्तू म्हणजे मोठ्या माणसाचा एक लांब बाह्यांचा सदरा. त्यावर आजाराचे डाग म्हणून पांढऱ्या कागदाच्या गोल चकत्या खळीनं चिकटवून वाळवलेल्या. हा सदरा नामान झालेल्या मुलाच्या कपड्यांवरून घालायचा, गुंड्या न लावता. सहा वेळा तो साडीमागे बुडून तसाच वर येतो. सातव्या वेळी सदरा खाली सोडून स्वच्छ बाह्यांनी उभा राहतो.

सदराच का, याचं कारण नीट समजून घ्यावं. हातावर ओल्या खडूचे ठिपके दिले तर ते तिसऱ्या बुडीलाच पुसट होतात. टिकल्या लावून दर बुडीला एक काढली तर मुलांना वाटतं की आजार थोडाथोडा बरा होत गेला. मूळ गोष्टीत तसं म्हटलेलं नाही. सातवी बुडी होईपर्यंत बरं होण्याची एकही खूण सांगितलेली नाही, आणि पाठाचं सगळं बळ या सहा निष्फळ बुड्यांमध्ये आहे. वर्ग मोठ्यानं मोजतो. चौथ्या-पाचव्या बुडीला हसू आणि कंटाळा येतो, तो येऊ द्यावा. सहाव्यानंतर थांबून बाई विचारत, ‘काय रे, परत जायचं का दिमिष्काला?’ निम्मा वर्ग ‘हो’ म्हणतो. त्या क्षणी मुलं नामानाच्या जागी उभी असतात. हा थांबा घाईत गाळला की उरलेला खेळ नुसती कवायत होते.

नामान कोणाला करायचं? नवे शिक्षक हमखास वर्गातल्या बढाईखोर मुलाला निवडतात, त्याला धडा मिळावा म्हणून. हे कधीच करू नये. सगळा वर्ग त्याला हसतो, ‘नामान’ हे त्याचं टोपणनाव होऊन बसतं आणि पाठ त्याच्यावरची शिक्षा होतो. शांत, सगळ्यांना आवडणारं मूल निवडावं. उलट चाकर मुलीचं काम नेहमीच्या गप्प, मागच्या बाकावरच्या मुलीला देऊ नये. गोष्टीतली ती मुलगी गप्प नाही. शत्रूच्या घरात, नाव-गाव हरवलेली, तरी तिला जे ठाऊक आहे ते ती सांगते, आणि तिच्या एका वाक्यावर सेनापती प्रवासाला निघतो.

बाईंच्या साऱ्या शिकवण्याचा कणा मला इथेच दिसतो. आपल्या शाळेत शेतमजुरांची, ऊसतोडीला गेलेल्यांची, वसतिगृहात राहणारी मुलं होती. मावची, कोकणी (या इथल्या आदिवासी बोली), अहिराणी बोलणारी. प्रमाण मराठीत वाक्य जुळेपर्यंत त्यांच्यातली पुष्कळजण तोंडच उघडत नसत. अशा मुलाला ‘नम्र व्हा, खाली बसा, बोलू नका’ असं शिकवणं म्हणजे आधीच दबलेल्याला आणखी दाबणं. नम्रतेचा पाठ त्याच्या हाती पडायला हवा तो या मुलीच्या बाजूनं. खरं आणि कामाचं ते सांग, समोर कितीही मोठा माणूस असो. तिचं वाक्य बाई प्रत्येक मुलाला त्याच्या घरच्या बोलीत म्हणायला लावत. मावचीत, कोकणीत, अहिराणीत एकच वाक्य ऐकलं की वर्गाचा आवाज बदलतो. त्याला चार मिनिटं जातात, ती द्यावीत.

नद्यांचा भाग मोठ्या मुलांना फार आवडतो. तापी 724 किलोमीटर, यार्देन सुमारे 250. ‘मग आपली तापी मोठी!’ अशी आरोळी येतेच. बाई ती थांबवत नसत, उलट मान्य करत. नामानाचंही म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. अबाना म्हणजे आजची बरादा असं मानतात, डोंगरातून दिमिष्काकडे उतरणारी. यार्देन खालच्या टप्प्यात गढूळ वाहते. माणसाचं म्हणणं बरोबर असतं आणि तरी त्याचा ताठा त्याला आडवा येतो, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलांना रंगावलीच्या काठावर उभं राहून चांगलं समजतं.

आजाराबद्दल एक काळजी घ्यावी. वर्गात एखाद्याच्या अंगावर पांढरे डाग असतील तर मुलं लगेच त्याच्याकडे बघतात. म्हणून गोष्टीच्या आधीच, सहज बोलल्यासारखं सांगून टाकावं की अंगावरचा प्रत्येक पांढरा डाग म्हणजे कुष्ठरोग नव्हे, कुष्ठरोगही आता सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि हा आजार कुणाच्या पापाची शिक्षा नाही. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावांतून येणाऱ्या मुलांना हे सांगणं जड जात नाही.

प्रश्न चारच. नामान कधी चिडला? त्याला काय हवं होतं? चाकर काय म्हणाले? बरं झाल्यावर तो कसा बोलला असेल? ‘तुमच्यापैकी गर्विष्ठ कोण?’ हा प्रश्न विचारायचा नाही. मुलं दुसऱ्याचं नाव घेतात. अलीशा बाहेर का आला नाही असं एखादं मूल विचारतं. शास्त्रात कारण दिलेलं नाही, तेव्हा आपणही ते ठामपणे सांगू नये. ‘तुला काय वाटतं?’ एवढं म्हणावं.

पाठांतरासाठी लूकच्या शुभवर्तमानातलं 14:11 किंवा 18:14 हे वचन. स्वतःला उंच करणारा नमवला जाईल आणि स्वतःला नमवणारा उंच केला जाईल, हा त्याचा आशय. उंचला हात वर, नमवण्याला मान खाली, तीनदाच आणि सावकाश. चौथ्यांदा केलं की मुलं उड्या मारू लागतात.

पुष्कळ ठिकाणी या पाठाला भरलेलं कणीस वाकतं आणि रिकामं ताठ राहतं हा दाखला देतात. भाताच्या पट्ट्यात तो चालतो, लोंबी दाण्यानं खरंच लवते. पण शिंदखेडा, शिरपूरकडच्या पोरांसमोर ज्वारीचं कणीस घेऊन गेलात तर पंचाईत होते. दाण्यानं गच्च भरलेलं कणीसही बहुधा ताठच उभं असतं, आणि शेतकऱ्याचं पोर ते लगेच सांगतं. मग शिक्षकाचं पुढचं बोलणंही त्याला खरं वाटत नाही.

परूशी आणि जकातदार यांचा येशूनं सांगितलेला दाखला तिसरीच्या खाली घेऊ नये. त्यात धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी ‘मी या जकातदारासारखा नाही’ म्हणून देवाचे आभार मानतो, आणि जकातदार नुसती दया मागतो. त्यात एक सापळा आहे. परूशी दुष्ट रंगवला की मुलं मनात म्हणतात, बरं झालं मी याच्यासारखा नाही, आणि नेमकी परूश्याचीच प्रार्थना करून घरी जातात. म्हणून तो सभ्य, खरं बोलणारा माणूस दाखवावा. आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) देतो, सगळं खरं. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्या वर्गांत एकादशी, गुरुवार करणाऱ्या घरांतलीही मुलं असतात. इथे उपासाची थट्टा झाली तर ती त्यांच्या आईची थट्टा होते. बाई उदाहरण कायम आपल्याच घरातलं घेत, ‘मी एकही रविवार चुकवत नाही’ असं म्हणणाऱ्या ख्रिस्ती माणसाचं. शिवाय अनुदानित शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला बसण्यासाठी पालकांची संमती लागते, संविधानाच्या 28व्या कलमानुसार. ज्यांची संमती नाही त्यांना त्या वेळेत वाचनाला किंवा चित्रकलेला बसवावं, व्हरांड्यात उभं करून ठेवू नये.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तो पाठ पावसाळ्यात घ्यावा. काळी माती पायाला चिकटलेली असते, तेव्हा पाय धुणं हे खरंखुरं काम होतं. पाच मुलांपुरतं अर्धी बादली पाणी, एक घमेलं, दोन पंचे. कंबरेला पंचा बांधून धुवायचं ते शिक्षकांनी. मुलांकडून मुलांचे पाय धुवून घेऊ नयेत. जात, मुलगा-मुलगी, मोठा-धाकटा असे सगळे पेच तिथे उभे राहतात आणि एखाद्याच्या वाट्याला अपमान येतो. बाई एका मुलाचे पाय धुवायला बसत तेव्हा तो पाय मागे ओढायचाच. तिथेच येशूचा शिष्य पेत्र याचं बोलणं सांगायचं, तोही नकोच म्हणाला होता.

पाठानंतर ‘सर्वांत नम्र विद्यार्थी’ असं बक्षीस काही शाळांतून देतात. ते बंद करावं. मिळालेलं मूल त्याच दिवशी मिरवतं, न मिळालेलं रुसतं. तसंच ‘छान काढलंस चित्र’ म्हटल्यावर ‘नाही, घाण आहे’ असं म्हणायला शिकवणं ही नम्रता नव्हे. बाई कामाचं नाव घेऊन शाबासकी देत, ‘रेघ सरळ आली’, ‘बेरीज तपासलीस ते बरं केलंस’, आणि मुलानं फक्त ‘हो बाई’ म्हणायचं.

शेवटी आठवड्याची कामं. पाण्याचा माठ भरणं, फळा पुसणं, वर्ग झाडणं, चपला ओळीत लावणं, अशी चार कामं वाटून द्यावीत. ती दर सोमवारी बदलावीत. एक अट मात्र सगळ्या शाळेनं पाळावी लागते. उशिरा आलेल्याला झाडायला लावणं, मस्ती करणाऱ्याला माठ भरायला पाठवणं, हे कोणीही करायचं नाही. झाडू एकदा शिक्षेसाठी वापरला की तो हाती घेण्यात मुलाला कमीपणा वाटणारच, आणि नामानाचे चाळीस पाठही तो कमीपणा पुसू शकत नाहीत. यासाठी बाई शिक्षकांच्या बैठकीत पुन्हा पुन्हा बोलत. कामांचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला लावत, आणि त्यावर वर्गशिक्षकाचंही नाव असे, हजेरीपटाच्या क्रमानं.