34.3 की 35.3? घातक कचऱ्याचे विवरणपत्र भरतानाचा माझा अनुभव

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचे पावडर कोटिंगचे लहान युनिट आहे. फॉस्फेटिंगच्या (रंगाआधी धातूवर फॉस्फेटचा थर देण्याच्या) टाक्यांचे पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेत, जाते आणि तिथे उरणारा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. त्यामुळे 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार दरवर्षी 30 जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागच्या आर्थिक वर्षाचा फॉर्म 4, म्हणजे वार्षिक विवरणपत्र, भरावे लागते. हे काम अनेक वर्षे एका सल्लागाराकडे होते. गेल्या वर्षी ते मी स्वतः हाती घेतले. आकडे एका संध्याकाळी जुळले, पण एका क्रमांकापायी तीन आठवडे गेले.

आमच्या ऑथोरायझेशनवर (मंडळाच्या परवानगीपत्रावर) ईटीपीच्या गाळाचा प्रवर्ग 34.3 असा होता आणि गाळ नेणाऱ्या गाडीच्या प्रत्येक मॅनिफेस्टवर (वाहतुकीच्या कागदावर) 35.3. माल एकच, पिशव्या त्याच, वजनही तेच. तरी कागदावर पाहणाऱ्याला असे दिसले असते की परवानगी असलेला कचरा आम्ही वर्षभर दिलाच नाही आणि दिला त्याची परवानगीच नव्हती. सल्लागारांना फोन केला, तर “मजकूर तोच आहे, नंबराचे काय एवढे” असे सांगून त्यांनी विषय संपवला आणि पुढचे अकरा दिवस फोन उचलला नाही. त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही, कारण उद्या विचारणा झाली असती तर सही माझी होती.

शेवटी नियमांची पहिली अनुसूची, म्हणजे कचऱ्याच्या प्रवर्गांची क्रमवार यादी, छापून घेतली आणि 2008 च्या जुन्या अनुसूचीशेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचली. सांडपाणी प्रक्रियेतून निघणारा रासायनिक गाळ 2008 मध्ये 34.3 होता; 2016 मध्ये तो 35.3 झाला आणि 34 हा क्रमांक पिंपांच्या शुद्धीकरणातून निघणाऱ्या कचऱ्याला गेला. सल्लागारांनी अर्ज भरताना जुन्या फाइलमधला आकडा जसाच्या तसा उतरवला होता. रिकाम्या पिंपांचेही तेच झाले होते: जुने 33.3, नवे 33.1. मग दोन्ही पाने जोडून, कोणता क्रमांक कशाचा हे स्पष्ट करणारे पत्र लिहिले, सोबत दुरुस्तीचा अर्ज दिला आणि 27 जूनला विवरणपत्र 35.3 याच क्रमांकाने भरले. पोचपावती हातात पडली त्या रात्री शांत झोप लागली.

एक सांगायचे राहिले. फॉर्म 4 मधला कचरा निर्माण करणाऱ्यांसाठीचा भाग वर्षअखेरचा साठा विचारतो, पण वर्षाच्या सुरुवातीचा साठा लिहायला त्यात रकाना नाही. म्हणून तो आकडा सोबतच्या पत्रात द्यावा, नाहीतर निर्मितीपेक्षा जास्त कचरा दिल्यासारखे दिसते. गाळ वाळला की वजन उतरते, तेव्हा फॉर्म 3 च्या, म्हणजे कचऱ्याच्या रोजच्या नोंदींच्या, नोंदवहीत ओला की वाळलेला हे लिहावे आणि वजनकाट्याची पावती त्याच पानाला टाचावी. साठवणुकीची साधारण मर्यादा 90 दिवसांची आहे, त्यामुळे पिशवीवरच्या पिवळ्या लेबलवर तारीख हवीच; आमच्या शेडमध्ये पावसाच्या ओलीने ती पुसली गेली होती.

दुरुस्त ऑथोरायझेशन ऑगस्टमध्ये आले. 30 सप्टेंबरच्या मुदतीचे पर्यावरण विवरण (मंडळाला द्यायचे आणखी एक वार्षिक विवरण) त्यामुळे एकाच बैठकीत भरून झाले.